आजीच्या आंबिलीतला जिवाणू बाटलीत भरण्याआधी: प्रोबायोटिकची सुरक्षितता कशी तपासायची

तीन वर्षांपूर्वी, उन्हाळा संपता संपता, पेठ तालुक्यातला एक तरुण आमच्या सातपूरच्या लॅबमध्ये स्टीलची बरणी घेऊन आला. बरणीत नागलीची आंबील होती. झाकण सुतळीनं करकचून बांधलेलं, कारण एसटीत ती दोनदा उतू गेली होती.

"मॅडम, यातला चांगला जिवाणू वेगळा काढून द्या. नाशकात प्रोबायोटिक पेय म्हणून विकायचंय. सुरक्षित तर आहेच, आमच्याकडे चार पिढ्या पितायत."

"आजी किती पितात?"

"वाटीभर. तीही उन्हाळ्यात, रानात जायच्या आधी."

गोम इथंच आहे. आजीच्या वाटीत अनेक जातींचे जिवाणू आणि यीस्ट एकमेकांना दाबून-धरून राहत असतात. आपण त्यातला एकच उचलणार, एकट्याला अब्जांच्या घरात वाढवणार आणि ज्याची प्रकृती आपल्याला ठाऊक नाही अशा माणसाला वर्षभर रोज पाजणार. त्या माणसाची केमोथेरपी चालू असेल, कदाचित घरात अपुऱ्या दिवसांत जन्मलेलं बाळही असेल. चार पिढ्यांचा अनुभव हा सुरुवातीचा चांगला पुरावा आहे, पण तो आंबिलीचा पुरावा आहे, त्या एका जिवाणूचा नाही.

जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्ये प्रोबायोटिकची व्याख्या केली: पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला फायदा देणारे जिवंत सूक्ष्मजीव. २००२ मध्ये तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं आली. आपल्याकडे आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागानं २०११ मध्ये स्वतःची तत्त्वं काढली आणि देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, म्हणजे एफएसएसएआयचे आरोग्यपूरक व प्रोबायोटिक अन्नाचे विनियम २०२२ चे आहेत. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे: गुण आणि धोका दोन्ही स्ट्रेनचे, म्हणजे प्रजातीतल्या एका ठरावीक वाणाचे असतात, अख्ख्या प्रजातीचे नाहीत. घरचं दही उत्तम, पण ते आपोआप प्रोबायोटिक ठरत नाही.

खाली लॅबमधला क्रम देते. आधी स्वस्त आणि पटकन बाद करणाऱ्या चाचण्या, नंतर महागड्या. उलटं केलंत तर पैसे मातीत.

आधी ठरवा: स्वतःचा स्ट्रेन हवाच आहे का?

नामांकित कल्चर कंपन्यांचे कागदपत्रांसह तयार स्ट्रेन विकत मिळतात. तुमची खासियत नागली, चव आणि गाव यात असेल, तर तोच रस्ता बरा. दहापैकी आठ जणांना मी हेच सांगते आणि त्यातले सहा नाराज होऊन जातात.

स्वतःचाच हवा असेल तर एफएसएसएआयच्या यादीत प्रजाती आहे का ते बघा. यादीत बहुतेक नावं प्रजातीची आहेत, लॅक्टोबॅसिलस आणि बॅसिलस अशा कुळांतली. प्लँटॅरम, र्‍हॅम्नोसस, अ‍ॅसिडोफिलस, बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स वगैरे. यादीबाहेरचं काही असेल तर अनिर्दिष्ट अन्नघटकांच्या २०१७ च्या विनियमांखाली आधी मान्यता घ्यावी लागते. प्रजाती यादीत आहे म्हणून तुमचा स्ट्रेन पास झाला असं मात्र समजू नका.

पहिली पायरी: शुद्ध करा, नाव ठेवा, जपून ठेवा

आंबील पातळ करत नेऊन एमआरएस अगारवर (लॅक्टिक जिवाणू वाढवायच्या माध्यमावर) पसरवा, ३७ अंशांवर ४८ ते ७२ तास ठेवा. एकच देखणी कॉलनी उचलण्याचा मोह टाळा, निदान डझनभर उचला. पुढं याचा उपयोग किती होतो ते कळेलच. प्रत्येक कॉलनी नव्या प्लेटवर तीनदा ओढून (स्ट्रीक करून) शुद्ध करा, ग्रॅम स्टेन आणि कॅटालेज बघा. ग्रॅम पॉझिटिव्ह, कॅटालेज निगेटिव्ह असेल तर पुढं. प्रत्येकाचा ग्लिसरॉलमध्ये गोठवलेला साठा उणे ८० अंशांवर, आणि त्याचा जुळा दुसऱ्या फ्रीजरमध्ये, शक्यतो दुसऱ्या इमारतीत. एक फ्रीजर बंद पडला तरी दुसरा असतो, एमआयडीसीत काम करणाऱ्याला हे समजवावं लागत नाही.

आता नाव. लॅब १६ एस जनुकाचा (जिवाणूची जात ओळखायला वाचतात त्याचा) रिपोर्ट देते, त्यावर ९९ टक्के जुळणी लिहिलेली असते आणि गिऱ्हाईक पेढे वाटतं. पण १६ एसवर प्लँटॅरम, पेंटोसस आणि पॅराप्लँटॅरम ही भावंडं वेगळी ओळखू येत नाहीत. केसाय आणि पॅराकेसायचंही तेच. रेक-ए जनुक बघावं लागतं, किंवा सरळ पूर्ण जिनोम, म्हणजे सगळा डीएनए वाचून घ्यावा. प्रमाण स्ट्रेनशी सरासरी जुळणी ९५-९६ टक्क्यांच्या वर असेल तर प्रजाती तीच.

नावांचा गोंधळ आपल्याकडे जुनाच आहे. मेडिकलमध्ये आजही 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेन्स' छापलेल्या गोळ्या मिळतात. लॅक्टोबॅसिलस बीजाणू करतच नाही, पाकिटात असतो तो बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स. त्यात २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या प्रजातिगणाचे २५ तुकडे झाले, त्यामुळे प्लँटॅरमचं आडनाव आता लॅक्टिप्लँटिबॅसिलस. मीटिंगमध्ये हे नाव न अडखळता घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. अर्जात नवं नाव लिहा, जुनं सोबत द्या.

नाव ठरलं की स्ट्रेन मान्यताप्राप्त संग्रहात जमा करा. नाशिककरांना पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र जवळचं, नाहीतर चंदिगडचं एमटीसीसी. तिथून मिळालेला क्रमांक हीच तुमच्या जिवाणूची ओळख.

दुसरी पायरी: प्रतिजैविकांचा हिशेब

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. प्रश्न दोन आहेत. जिवाणू कोणत्या प्रतिजैविकाला दाद देत नाही? आणि तो न जुमानण्याचा गुण तो आतड्यातल्या दुसऱ्या जिवाणूला देऊ शकतो का? दुसरा प्रश्न खरा. प्रोबायोटिक स्वतः निरुपद्रवी असेल, पण त्याच्या प्लाझ्मिडवरचं (एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावरचं) जनुक उद्या आतड्यातल्या एखाद्या रोगजंतूच्या हाती लागलं, तर ते पोचवणारे आपण.

चाचणी म्हणजे किमान रोधक मात्रा काढणं. ९६ खणांची प्लेट घ्यायची, प्रतिजैविक प्रत्येक खणात निम्मं निम्मं करत न्यायचं, जिवाणू घालायचे आणि ४८ तास प्राणवायूविना ठेवायचं. नंतर प्लेट काळ्या कागदावर धरा. जिथं वाढ आहे तिथं खणाच्या तळाशी खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसतो, जिथं नाही तिथं तळ स्वच्छ. सगळ्यात कमी प्रतिजैविक असलेला स्वच्छ खण म्हणजे तुमचा आकडा. माध्यमाची चूक इथं फार जण करतात. दवाखान्यातल्या लॅबचं म्युलर-हिंटन माध्यम वापरलं तर लॅक्टोबॅसिलस नीट वाढत नाही आणि नुसतं एमआरएस वापरलं तर त्याची आम्लता नि घटक आकडे बिघडवतात. आयएसओ १०९३२ या मानकात यावर तोड दिली आहे: ९० टक्के आयसो-सेन्सिटेस्ट माध्यम आणि १० टक्के एमआरएस. प्रतिजैविकाची चकती ठेवून भोवतीचं वलय बघायची चाचणी करून 'सेन्सिटिव्ह' असा शिक्का देणारा रिपोर्ट इथं चालत नाही. आकडा हवा.

तो आकडा युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मर्यादांशी ताडून बघतात. प्लँटॅरमसाठी अँपिसिलिन २, एरिथ्रोमायसिन १, क्लोरॅम्फेनिकॉल ८, टेट्रासायक्लिन ३२, हे सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर. आकडा मर्यादेच्या वर गेला की लगेच घाबरू नका, कारण शोधा. व्हँकोमायसिनला प्लँटॅरम मुळीच दाद देत नाही, पण ते त्याच्या पेशीभित्तिकेच्या घडणीतच आहे. व्हँकोमायसिन जिथं चिकटतं तिथं दोन डी-अ‍ॅलानिन लागतात आणि याच्याकडे शेवटी डी-लॅक्टेट असतो. हा जन्मजात गुण आहे, कुणाला देता येत नाही. मर्यादांच्या तक्त्यातही प्लँटॅरमसमोर व्हँकोमायसिनची चाचणी गरजेची नाही असंच लिहिलेलं आहे. टेट्रासायक्लिन किंवा एरिथ्रोमायसिनबाबत मात्र बाहेरून आलेल्या जनुकाचा संशय आधी घ्यावा.

याचं गाजलेलं उदाहरण लॅक्टोबॅसिलस रूटेरीचं. एटीसीसी ५५७३० हा स्ट्रेन बाजारात होता. त्याच्या दोन प्लाझ्मिडवर टेट्रासायक्लिन आणि लिंकोमायसिनला न जुमानणारी जनुकं सापडली. ती प्लाझ्मिडं काढून टाकून नवा स्ट्रेन केला, तोच डीएसएम १७९३८. उत्पादन टिकलं, पण त्यामागं मोठी प्रयोगशाळा होती.

आपल्या भागात तर हा संशय जास्तच बाळगावा. सटाणा, देवळा, मालेगाव पट्ट्यात डाळिंबाच्या तेल्या रोगावर स्ट्रेप्टोसायक्लिन फवारण्याची सवय वर्षानुवर्षांची. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन दोन्ही असतात. कोंबड्यांच्या शेडचं खत शेतात जातं ते वेगळंच. रानातून आलेला जिवाणू म्हणजे निर्मळ, हे मी आता म्हणत नाही.

पेठच्या त्या आंबिलीतून आम्ही १२ कॉलनी उचलल्या होत्या. सगळ्यात जोमदार, सुंदर आंबट करणारी, आमची लाडकी कॉलनी क्रमांक ३. तिच्या एरिथ्रोमायसिनच्या ओळीत सगळ्यात जास्त प्रतिजैविकाच्या खणापर्यंत पांढरे ठिपके. जिनोममध्ये एरिथ्रोमायसिनला न जुमानणारं एर्म-बी जनुक निघालं, तेही प्लाझ्मिडवर. क्रमांक ३ बाद. क्रमांक ७, एक प्लँटॅरम, थोडी मंद होती, पण सगळ्या ओळींत मर्यादेच्या आत. एकच कॉलनी उचलली असती तर काम तिथंच संपलं असतं.

जिनोम वाचून घेताना एक खबरदारी घ्या. तुटक छोट्या तुकड्यांच्या वाचनात प्लाझ्मिडं नीट जोडली जात नाहीत. लांब तुकड्यांचं वाचनही सोबत मागा. मग प्रतिरोध जनुकांसाठी कार्ड आणि रेसफाइंडर, रोगकारक घटकांसाठी व्हीएफडीबी या डेटाबेसशी ताडून बघा. जनुक सापडलं, तर त्याच्या आजूबाजूला उड्या मारणारे, म्हणजे जनुक दुसरीकडे नेणारे घटक आहेत का हेही पाहा.

तिसरी पायरी: रक्त, जिलेटिन, अमाइन

रक्तअगारवर स्ट्रेन वाढवून ३७ अंशांवर ४८ तास ठेवा. कॉलनीभोवती काचेसारखं स्वच्छ वलय आलं तर बीटा हिमोलिसिस, म्हणजे रक्तपेशी पूर्ण फुटल्या, स्ट्रेन बाद. हिरवट छटा आली तर अल्फा. लॅक्टोबॅसिलसमध्ये ती बऱ्याचदा त्यानं सोडलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळं येते, तेवढ्यावरून फेकून देऊ नका, पण नोंद करा. शेजारी स्टॅफिलोकॉकस ऑरियस लावा, म्हणजे प्लेट काम करते हे दिसेल.

इथं माझी स्वतःची फजिती सांगते. सुरुवातीच्या दिवसांत मी एमआरएसमध्येच मेंढीचं रक्त मिसळून प्लेट केल्या, कारण जिवाणूला एमआरएस आवडतं. दोन दिवसांनी सगळ्या कॉलनींभोवती मळकट तपकिरी वलयं! चार चांगले स्ट्रेन मी बाद लिहून टाकले. नंतर लक्षात आलं की एमआरएसमधल्या ग्लुकोजचं भरपूर आम्ल झालं होतं आणि त्या आम्लानं रक्ताचा रंग बदलला होता. रक्त फुटलंच नव्हतं. कोलंबिया रक्तअगारवर तेच चौघं निर्दोष निघाले.

जिलेटिन वितळवणं आणि आतड्याच्या श्लेष्मल थरातलं म्युसिन खाणं या दोन्ही चाचण्या सोप्या आहेत, करून टाका. जैव अमाइनकडे मात्र नीट बघा. हिस्टिडिनपासून हिस्टामिन आणि टायरोसिनपासून टायरामिन करणारे लॅक्टिक जिवाणू असतात. डोकेदुखी, अंग लाल होणं, आणि नैराश्यावरची काही जुनी औषधं घेणाऱ्याला टायरामिननं रक्तदाब एकदम वाढणं, असे त्रास होऊ शकतात. ब्रोमोक्रेसॉल पर्पलच्या माध्यमात जांभळा रंग आला तर संशय, खात्रीसाठी एचपीएलसी यंत्रावर नेमकं मोजमाप.

डी-लॅक्टेट किती होतं तेही मोजा. निरोगी माणसाला सहसा त्रास नाही, पण शस्त्रक्रियेनंतर आतडं आखूड राहिलेल्या रुग्णात तो साठून रक्ताची आम्लता वाढते. पित्तक्षार तोडण्याची क्षमताही नोंदवा. ती असणं म्हणजे दोष नव्हे, पण अति असेल तर प्रश्न विचारला जातो.

स्ट्रेन एंटेरोकॉकस निघाला तर माझा सल्ला एकच, सोडून द्या. त्यातले काही रुग्णालयातल्या संसर्गाचे मोठे गुन्हेगार आहेत आणि साधे नि घातक वेगळे करत बसणं लहान उद्योजकाच्या आवाक्यातलं नाही. बॅसिलस असेल तर पेशींवर विषारीपणाची चाचणी आणि अन्नातून विषबाधा करणाऱ्या बॅसिलस सिरियससारखी विषजनुकं नाहीत याची खात्री, हे जास्तीचं काम.

चौथी पायरी: प्राणी आणि माणसं

आयसीएमआरची तत्त्वं नव्या स्ट्रेनसाठी प्राण्यांवर अल्प, मध्यम आणि दीर्घ मुदतीची विषारीपणाची चाचणी मागतात. वापराचा नोंदवलेला इतिहास असलेल्या स्ट्रेनला त्यातून सूट मिळू शकते. हे काम नोंदणीकृत प्राणिगृह आणि नैतिकता समिती असलेल्या संस्थेकडेच द्या. स्वतःच्या शेडमध्ये उंदीर पाळून कागद करणारे मला भेटले आहेत. ते कागद कुणी वाचत नाही.

माणसांवरच्या अभ्यासात फायद्याच्या जोडीनं प्रत्येक तक्रार लिहा: पोट फुगणं, ताप, जुलाब, सगळं. निरोगी माणसांत लॅक्टोबॅसिलसचा अनुभव चांगला आहे. फिनलंडमध्ये र्‍हॅम्नोसस जीजीचा खप वाढत गेला, पण १९९५ ते २००० या काळात रक्तात लॅक्टोबॅसिलस सापडण्याचं प्रमाण त्याबरोबर वाढलं नाही. आजारी माणसाची गोष्ट वेगळी. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना नळीतून सहा स्ट्रेनचं मिश्रण दिलं. २००८ मध्ये निकाल आले: प्रोबायोटिक घेतलेल्या १५२ पैकी २४ दगावले, न घेतलेल्या १४४ पैकी ९. संसर्ग कमी व्हावा म्हणून दिलं होतं ते.

म्हणून वेष्टनावर आणि जाहिरातीत 'सर्वांसाठी' हे शब्द नकोत. अपुऱ्या दिवसांची बाळं, प्रतिकारशक्ती खालावलेले, मोठ्या शिरेत नळी असलेले रुग्ण, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये असं लिहा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत अमेरिकेच्या एफडीएनं २०२३ मध्ये इशारा दिला, तो बाळाच्या मृत्यूनंतर.

पाचवी पायरी: जिवाणू चांगला, बाटली वाईट

अमेरिकेत २०१४ मध्ये अपुऱ्या दिवसांचं एक बाळ दगावलं. त्याला दिलेल्या प्रोबायोटिक पावडरीत बुरशी होती. स्ट्रेनचा दोष नव्हता. त्यामुळे तयार मालाची तपासणी वेगळी हवी: २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला नको, शिवाय लिस्टेरिया, कोलिफॉर्म, यीस्ट आणि बुरशी. मात्र आंबट मालात रोगजंतू शोधताना आधी आम्लता उदासीन करा किंवा नमुना जास्त पातळ करा. नाहीतर तुमचेच लॅक्टिक जिवाणू साल्मोनेलाला वाढू देणार नाहीत आणि रिपोर्ट खोटा स्वच्छ येईल.

नागलीच्या पिठात बॅसिलस सिरियसचे बीजाणू येतात आणि ते उकळूनही मरत नाहीत. त्यांना रोखतं ते आम्ल, म्हणून पीएच लवकर ४.५ च्या खाली उतरला पाहिजे. एप्रिलमध्ये हे आपोआप होतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा ५ अंशांच्या आसपास येतो, तेव्हा घरी विरजणसुद्धा लागत नाही. त्या दिवसांत पातेलं गोधडीत गुंडाळून चालणार नाही. तापमान धरून ठेवणारं भांडं घ्या आणि दर दोन तासांनी पीएच लिहा.

मग संख्या. विनियमात रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू मागितले आहेत. २०० मिलिलिटरची बाटली असेल तर दर मिलिलिटरला ५ लाख, आणि तेही शेवटच्या तारखेला. टिकण्याच्या काळात संख्या दहापट घटत असेल तर भरताना दर मिलिलिटरला ५० लाख हवेत. हे फ्रीजमधल्या नमुन्यावर मोजून समाधान मानू नका. दुपारी नाशकातल्या द्वारका चौकात टेंपोत अडकलेल्या क्रेटमधली एक बाटलीही लॅबमध्ये आणा. एमआरएसवर मोजलेल्या कॉलनी तुमच्याच स्ट्रेनच्या आहेत, हे पीसीआरनं अधूनमधून तपासा.

सहावी पायरी: विक्रीनंतरची वही

वेष्टनावर प्रजाती, स्ट्रेनचा क्रमांक, शेवटच्या तारखेपर्यंतची संख्या, रोजची मात्रा आणि साठवणुकीचं तापमान लिहा. आणि तक्रारवही ठेवा: तारीख, बॅच, कुठून घेतली, कुठं ठेवली, काय झालं, इतर कोणती औषधं चालू आहेत. प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या मुदत संपून पुढं महिनाभर राखून ठेवा.

पेठच्या त्या तरुणाच्या वहीतली पहिली तक्रार मखमलाबादहून आली: "झाकण उडालं, पोरगं घाबरलं." तो बिचारा कॉलनी ७ वरच संशय घेऊन आला. पण प्लँटॅरम ग्लुकोजपासून वायू करत नाही, त्यामुळे वायू म्हणजे आत दुसरं कुणीतरी. राखून ठेवलेल्या बाटलीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर जिवाणूंच्या बारीक काड्यांमध्ये भल्यामोठ्या गोल पेशी, काहींना कळ्या फुटलेल्या. यीस्ट. एसटीत बरणी उतू घालवणारं तेच. भरण्याच्या नळाची रबरी वायसर काढली, तिच्या खाचेत नागलीचा राखाडी थर बसला होता. वायसर बदलली, नळ रोज उघडून धुवायचं ठरलं आणि त्या बॅचच्या उरलेल्या ४० बाटल्या परत मागवल्या.